परक्या घरचा फराळ

समाचाराला आलेल्या माणसाच्या चपलांकडे मी आधी बघते. दारात नीट काढून भिंतीला लावून ठेवल्या, तर तो बसणार, आणि बसणार म्हणजे बोलणार. अर्ध्यामुर्ध्या काढून पाय आत टाकला, तर बिचारा खरोखरच सवड काढून आलेला असतो, त्याला पाणी द्यावं आणि सोडावं. हे गेले तेव्हा कोलार रोडच्या आमच्या फ्लॅटच्या दारात नीट लावलेल्या चपलांची रांग लागली होती. आलेल्या प्रत्येकाकडे एक उपाय होता. पहाटे चालत जा. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात या, तिथे हसण्याचा तास असतो. लेक पुण्याहून मोबाईलवर पाठवायची, आई, दीर्घ श्वास घे, मनातलं कागदावर उतरव. श्वास मी जन्मल्यापासून घेतेच आहे, असं मी तिला कळवलं. माझा स्वभावच संशयी. कोणी फार मायेनं हात हातात घेतला की बांगड्या जागेवर आहेत का, हे मी नंतर बघून घेते. दुःखावरचा उपाय म्हणाल तर तो मी एकदाच डोळ्यांनी बघितला आहे, आणि तोही चोरून, कोणी दाखवला म्हणून नाही.

तेव्हा मी शाळेत होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. बाबा नागपूरहून नोकरीसाठी भोपाळला आले आणि तिथलेच झाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आंगण आणि आंगणात पेरूचं झाड असं आमचं क्वार्टर. शेजारच्या घरात फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. घड्याळाची गरज नव्हती, कारखान्याचा भोंगा होता. पहिल्या भोंग्याला बाबा दाढी आटोपायचे, दुसऱ्याला सायकलवर टांग टाकायचे, आणि मग रस्ताभर नुसत्या सायकलींच्या घंट्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. दादा मात्र दोन्हींची भेळ करायचा. "आई, आज जेवायला क्या है, लवकर बता," असं म्हणत तो घरात शिरायचा आणि आई म्हणायची, "आधी एक भाषा ठरव, मग वाढते."

दिवाळीत आमच्याकडे सगळ्यांत महत्त्वाची असायची ती चकली. करंज्या, लाडू सगळीच करतात, पण आईची भाजणी वसाहतीत प्रसिद्ध होती. तीळ ती जरा जास्त घालायची आणि चकलीचं शेवटचं टोक बोटानं असं दाबायची की तळताना एकही सुटत नसे. पहिल्या घाण्याची चकली बाबांच्या हातावर पडायची. बाबा ती सावकाश चावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी पडलंय." मग आई झारा हातात तसाच धरून म्हणायची, "काही कमी नाही. चाखून बघितलंय मी." हे भांडण झाल्याशिवाय आमच्याकडे दिवाळी सुरू होत नसे. मोडलेल्या चकल्यांचे तुकडे आई कागदाच्या पुडीत बांधून डब्यात सगळ्यांत वर ठेवायची. ती पुडी दादाची. तुकडे जास्त खुसखुशीत लागतात, असं त्याचं म्हणणं. तो चकल्या गार करायला उचलून ठेवताना मुद्दाम मोडतो असा माझा पक्का संशय होता, आणि एकदा मी त्याला रंगेहाथ पकडलंही होतं. पण आईकडे माझी फिर्याद टिकली नाही. पुडीला हात लावायची मला बंदीच होती.

त्या वर्षी श्रावणात दादाला कावीळ झाली. आधी नुसता ताप, मग डोळे पिवळे, मग कारखान्याच्या हॉस्पिटलात खाट. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी काही बाकी ठेवलं नाही, पण दुखणं आधीच फार पुढे गेलं होतं. दादा गेला. एकोणीस वर्षांचा होता. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान.

त्यानंतर घरातले आवाजच गेले. बाबा कामावर जायचे, यायचे. रविवारी दादाची सायकल आंगणात उलटी करून तिच्या साखळीला तेल द्यायचे, चाकं फिरवून बघायचे आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायचे. ती सायकल कोणीच चालवत नव्हतं. आई स्वयंपाक करायची, वाढायची, पण बोलायची नाही आणि रडायचीही नाही. हे न रडणं बायकांना फार खुपायचं. समोरच्या क्वार्टरमधल्या कोल्हेकाकू त्यात पुढे. त्या नागपूरच्या, वसाहतीतल्या सगळ्या मराठी घरांच्या रीतिभाती त्यांच्या जिभेवर. कोणाच्या घरी सोयर, कोणाच्या घरी सुतक, कोणी काय खायचं, कोणी कुठे जायचं नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. त्या रोज दुपारी येऊन आईच्या पुढ्यात बसायच्या आणि दादाच्या लहानपणच्या गोष्टी काढायच्या. मग स्वतःच पदर डोळ्याला लावायच्या आणि आई त्यांना पाणी आणून द्यायची. मला तेव्हाच वाटायचं, या समजूत घालायला येतात की घालून घ्यायला?

नवरात्र संपलं तेव्हा काकूंनी आईला सांगून टाकलं, "यंदा तुमच्या घरी कढई चढत नाही, बाई. वर्षाच्या आत काही तळायचं नाही. फराळ आम्ही सगळ्या पाठवून देऊ." ही रीत आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत होती. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानं पहिल्या दिवाळीला फराळ करायचा नाही, तो शेजारपाजारानं आणून द्यायचा. बाबांनी मान हलवली. आईनंही हलवली.

आणि त्याच सुमाराला माझ्या नाकाला काहीतरी लागलं. आई दुपारी बाहेर जायला लागली. आधी दोन महिने उंबरा न ओलांडलेली बाई, आता बाबांचा जेवणानंतरचा भोंगा झाला की केस नीट करायची, पायात चपला घालायची आणि म्हणायची, "कुंदे, भाजी घेऊन येते गं." येताना हातात भाजी नसायची. आल्या आल्या न्हाणीत शिरून साडी बदलायची आणि उतरवलेली साडी लगेच भिजत टाकायची. एकदा फडताळातले डबे पुसताना माझ्या लक्षात आलं की हरभऱ्याची डाळ बरीच उतरली आहे. तांदूळही. उडीद तर बुडाला गेले होते. घरात माणसं तीन, आणि तीही पोटभर न जेवणारी. मग धान्य जातं कुठे?

हे मी कोणाला बोलले नव्हते, पण काकूंच्या नजरेतून काय सुटणार! त्यांनी मला नळावर गाठलं. "काय वो कुंदा, तुझी आई दुपारची कुठी जाऊन राहिली?"

"भाजीला," मी म्हटलं.

"भाजीला रिकामी पिशवी नेतेत बाप्पा, भरलेली नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सोनागिरीत चक्कीच्या मागच्या गल्लीत एक बाबा बसतो म्हणतेत. धान्य घेते आणि गेलेल्या माणसाच्या आवाजात बोलते. पोटचा पोरगा गेलेली बाई, तिला काय, कोणीही फसवते. तू लक्ष ठेव आपल्या आईवर. बायका तिथून येतेत त्या घरच्या राहत नाहीत, सांगून ठेवते."

काकूंवर माझा विश्वास होता असं नाही. पण संशयाला विश्वास लागत नाही, थोडी ओल असली की पुरते. मला एकाएकी आठवलं की आदल्याच दिवशी आई भाकरी थापता थापता आपल्याशीच म्हणाली होती, "त्याला तीळ जास्त लागतात." लागायचे नव्हे, लागतात. दादा गेला तो गेला, पण आई जिवंत असून त्याच्या मागे निघाली आहे, असं मला वाटायला लागलं. ती गेली तर घरात उरणार ते उलट्या सायकलीची चाकं फिरवणारे बाबा आणि मी. मला आई हवी होती. ती रडावी, ओरडावी, मला मारावं हवं तर, पण घरात असावी.

दुसऱ्या दिवशी शाळेतून डोकं दुखतं सांगून लवकर निघाले आणि वसाहतीच्या फाटकाजवळच्या पानाच्या टपरीआड उभी राहिले. आई आली. हातात कापडी पिशवी, चांगली जड, कारण ती दर थोड्या वेळानं हात बदलत होती. ती सोनागिरीच्या बाजूला वळली. मी मागे. बाजारातून, कापडाच्या दुकानांवरून, समोसेवाल्याच्या कढईवरून ती थेट चक्कीपर्यंत गेली, आणि मध्ये एक हातगाडी आडवी आली तेवढ्यात दिसेनाशी झाली. चक्कीच्या मागे खरंच एक गल्ली होती. तिच्या तोंडाशी उदबत्तीचा वास येत होता आणि दोन बायका डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. आत शिरायचं माझं धाडस झालं नाही. मी घरी पळत आले. आई संध्याकाळी आली ती हात हलवत.

"आई, पिशवी कुठाय?" मी विचारलं.

"कुठली पिशवी?" ती म्हणाली आणि न्हाणीत गेली.

खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज सरळ असतो, हे मी त्या दिवशी शिकले. बाबांना सांगावं म्हणून आंगणात गेले. ते सायकलीचे ब्रेक घट्ट करत होते. "बाबा, आई दुपारी कुठे जाते?" त्यांनी मान वर केली नाही. "जाऊ दे," एवढंच म्हणाले. आता हे जाऊ दे म्हणजे त्यांना ठाऊक होतं, की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं? मी बाबांवरही संशय घेऊन ठेवला.

मग सापडली किल्ली. आईच्या कमरेच्या जुडग्यात आमच्या कपाटाची, कोठीची आणि बाहेरच्या कुलपाची अशा किल्ल्या होत्या, त्या मला तोंडपाठ होत्या. त्यांत एक पितळी किल्ली नवी आलेली. आमच्या घरातल्या कुठल्याच कुलपाला ती लागत नव्हती, कारण आई न्हाणीत असताना मी ती सगळ्या कुलपांना लावून बघितली. आई कोणाचं कुलूप उघडते? चक्कीमागच्या त्या बाबाच्या कोठडीचं? दिवाळी तोंडावर आली होती. त्या दुपारी मी शाळेत गेलेच नाही. पेरूच्या झाडाआड थांबले.

या खेपेला आई फाटकाकडे गेलीच नाही. ती हॉस्पिटलच्या बाजूच्या क्वार्टरांकडे वळली. तिथे नर्सबाया राहत. एका दारापुढे थांबली, इकडेतिकडे बघितलं, पितळी किल्ली काढली आणि कुलूप उघडून आत गेली. ते घर मला माहीत होतं. अन्नम्मा सिस्टर तिथे एकटीच राहायची. मलयाळी बाई, काळीसावळी, ठेंगणी, दादाच्या वॉर्डात तिचीच ड्यूटी असायची. शेवटच्या दिवसांत आईला खुर्ची आणून देणारी तीच. सिस्टर ड्यूटीवर आणि आई तिच्या बंद घरात! मी मागच्या बाजूनं वळसा घातला. स्वयंपाकघराच्या जाळीशी पोहोचायच्या आधीच मला तो वास आला, आणि माझे पाय तिथेच थांबले. भाजणीचा वास. तळणीतल्या चकलीचा.

आई जमिनीवर पाट घेऊन बसली होती. समोर स्टोव्ह, त्यावर कढई, शेजारी ओळखीची कापडी पिशवी आणि आमचाच सोऱ्या, जो गेले काही दिवस मांडणीवर नव्हता आणि एवढी मी चौकस असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर्तमानपत्रावर ती चकल्या पाडत होती. आणि रडत होती. मुसमुसत नव्हे, मोठ्यानं, नाक ओढत, हातानं सोऱ्या फिरवत. आणि दादाला रागावत होती. "सांगत होते, बाहेरचं पाणी पिऊ नको. सांगत होते ना? आईचं ऐकायला काय होतं तुला? रस प्यायचा, बर्फ घालून प्यायचा. आता बस." चकली कढईत सोडायची, पदरानं डोळे पुसायची, चकली उलटायची आणि पुन्हा रागवायची. तळण चुकत नव्हतं. एकही चकली जास्त लाल झाली नाही, हे मी त्याही वेळी बघून घेतलं.

मग पुढचं दार वाजलं. सिस्टर आली. पांढऱ्या साडीतच पाटाशेजारी फतकल मारून बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि गरम चकली उचलून फुंकर घातली.

आईनं डोळे पुसले. "सिस्टर, कल दिवाली का सब बांटेंगे. मेरे घर में तो कढ़ाई नहीं चढ़ती. लोगों को मालूम पड़ा तो बोलेंगे, लड़का गया और ये दूसरे के घर में बैठके चकली तल रही."

"कैसे मालूम पड़ेगा?" सिस्टर तोंड भरून म्हणाली. "डिब्बा मैं लेके आएगी. बोलेगी, मैं बनाया."

"आपको आती है क्या चकली?"

"मेरे को चाय भी ठीक नहीं आती." आणि सिस्टर हसली, आणि आई हसली. माझी आई हसली. श्रावणापासून न ऐकलेला आवाज मी परक्या घराच्या जाळीतून ऐकला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बाबाबिबा काही नव्हता, धान्य चक्कीत दळलं होतं, आई वेडी झाली नव्हती. पण खरं सांगते, मला मत्सर वाटला. सणसणीत राग आला. रडायला, रागवायला आणि हसायला हिला हे घर सापडलं, आणि आमच्या वाट्याला नुसती ती वाढणारी बाई? ही सिस्टर कोण लागते हिची? मी पाय न वाजवता परत आले आणि संध्याकाळी आईनं वाढलेलं पान तसंच सारून उठले. आईनं ते उचलून झाकून ठेवलं. घरात ती बोलतच नव्हती. आज वाटतं, आमच्या त्या घरात तिला रडायला जागाच नव्हती. भिंतीपलीकडे शेजार, दारात काकू, आंगणात बाबा आणि सारखी वास घेत फिरणारी मी. पण हे आजचं झालं.

दिवाळीच्या सकाळी आमच्या दाराला तोरण नव्हतं, आकाशकंदील नव्हता. बाबा खुर्चीत बसून होते. एकेक डबा येत होता. कोल्हेकाकू सगळ्यांच्या आधी आल्या होत्या आणि आलेला प्रत्येक डबा आपल्या हातानं उघडून त्यावर निकाल देत होत्या. याच्या करंज्या तेलकट, त्याच्या लाडवात साखर जास्त. तेवढ्यात सिस्टर आली, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेली, हातात मोठा स्टीलचा डबा. "मैं बनाया," ती दारातूनच ओरडल्यासारखी म्हणाली. पाठ केलेलं होतं, मला कळलं. ड्यूटी आहे म्हणून ती थांबलीही नाही.

काकूंनी झाकण उघडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "बाप्पा! चकली? या मलयाळी बाईले काटा कसा जमला असा?" त्यांनी एक चकली उचलून उजेडात धरली, दाबलेलं टोक न्याहाळलं आणि आईकडे बघितलं. आई फरशीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. माझा राग होताच, पण आता आईला कोणी काही बोललं तर मी काकूंना चावले असते.

"आणि हे काय?" काकू म्हणाल्या. चकल्यांच्या वर, डब्यात सगळ्यांत वर, कागदाची एक पुडी होती. काकूंनी ती सोडली. "तुकडे! दिवाळीच्या डब्यात कोणी तुकडे घालते का? काही रीतभात नाही या बाईले."

आईनं मान वर केली, आणि तिचा चेहरा बघून मला समजलं की पुडी बांधली हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, हातांनी बांधून ठेवून दिली होती. बाबा खुर्चीतून उठले, काकूंच्या हातातून पुडी घेतली, तिच्याकडे बघत राहिले. एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. डोळे मिटले.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

"काही कमी नाही," आई ताडकन म्हणाली. "चाखून बघितलंय मी."

बोलली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. काकू डब्याजवळ उभ्या होत्या. साऱ्या वसाहतीच्या रीतिभाती ज्यांच्या जिभेवर, त्या काकू. त्यांनी हातातल्या चकलीकडे बघितलं, ती मोडली, तोंडात टाकली आणि आई आणि बाबा दोघांकडे न बघता म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे, भाऊजी. सिस्टरले सांगजा, चांगली झाली म्हणून." मग डब्याचं झाकण लावलं आणि आपल्या चपला पायात सरकवून निघून गेल्या. पुढे जन्मभर त्यांनी या गोष्टीचा कुठे उच्चार केला नाही. त्यांच्यावर मी इतका संशय घेतला, पण हे मात्र मान्य केलं पाहिजे.

आई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. आमच्या घरात, आमच्यासमोर, त्याच मोठ्या आवाजात. बाबा तिच्या शेजारी जमिनीवर बसले. रडता रडताच ती त्यांना म्हणाली, "दरवर्षीचं आहे हे तुमचं." बाबा हो म्हणाले. मग त्यांनी पुडी माझ्यापुढे केली. मी आईकडे बघितलं. ती नको म्हणाली नाही.

मी एक तुकडा घेतला. खुसखुशीत होता, दादा म्हणायचा तसाच. मीठ मात्र, खरं सांगायचं तर, थोडं कमीच होतं.